मावशीचं फेसलिफ्ट

आमच्या ऑफिसच्या कँटीनमध्ये फेसलिफ्ट हा शब्द आठवड्यातून एकदा तरी ऐकू येतो, आणि तो नेहमी गाडीबद्दल असतो. अमक्या एसयूव्हीचं फेसलिफ्ट दिवाळीला येतंय, आत्ता बुक करू नकोस वगैरे. इंजिन तेच, चेसिस तीच, बंपर आणि हेडलाइट तेवढे नवे आणि किंमत लाखभर जास्त. त्यामुळे जूनमध्ये हिंगोलीहून मावशीचा फोन आला आणि तिने विचारलं, "ते फेसलिफ्ट म्हणतात ते पुण्यात कुठं करतात रे?" तेव्हा मी अगदी प्रामाणिकपणे विचारलं, "कोणती गाडी घेतेयस?"

"गाडी नाही रे बाप्पा. माझं."

मावशीची थोडी ओळख करून देतो. आईची धाकटी बहीण, वय वर्षं ५३, जिल्हा परिषदेच्या शाळेत शिक्षिका. राहते हिंगोलीत आणि शाळा कळमनुरी तालुक्यातल्या एका गावात, म्हणजे गेली कित्येक वर्षं रोज अपडाउन. आधी एसटीने, आता स्कूटीवर. आमच्याकडचं ऊन ज्यांना माहीत नाही त्यांनी एकदा मे महिन्यात दुपारी बारा वाजता हिंगोलीच्या गांधी चौकात उभं राहून पाहावं, मी जास्त बोलत नाही. काका २०२१ मध्ये, कोरोनाच्या दुसऱ्या लाटेत गेले. त्यानंतरच्या वर्षात मावशीचं अठरा किलो वजन उतरलं. पूर्वी ती चांगली गोल चेहऱ्याची, गुबगुबीत बाई होती. आतला माल कमी झाला, पण कातडी जुन्याच मापाची राहिली. गालांच्या खाली जबड्यावर दोन्ही बाजूंना लोंबतं, हनुवटीखाली सैल पडलंय, आणि तोंडाचे कोपरे कायम खाली.

आता खरं सांगायचं तर माझी पहिली प्रतिक्रिया काही फार उदात्त नव्हती. फेसलिफ्ट म्हणजे नट्या, उद्योगपतींच्या बायका, फार तर कोरेगाव पार्क. हिंगोलीच्या झेडपी शाळेतल्या बाईंनी? मी विचारलं, "पण कशाला गं? छान तर दिसतेस." (हे वाक्य भाचे, मुलगे, नवरे अशा सगळ्या पुरुषांच्या फर्मवेअरमध्येच बर्न केलेलं असतं.)

तर ती म्हणाली, "छान दिसायचं नाही मला. भेटलं ते माणूस म्हणतं, लई खचल्या हो मॅडम तुम्ही. पहिल्या वर्षी खचलेच होते, खोटं कशाला सांगू. पण आता नाही रे. आता जेवते, झोपते, पोरांसंग कवायत करते, परवा सहलीला जाऊन आले. मी बरी आहे. पण हे तोंड कोणाला सांगू देत नाही. माझ्या आधी तेच बोलतं."

यावर माझ्याकडे काही उत्तर नव्हतं. मी म्हटलं, बघतो.

पुढचा महिनाभर मी जे पाहिलं, वाचलं, विचारलं, ते इथे लिहितोय. मावशीची परवानगी घेतली आहे. तिची अट एकच होती, शाळेचं नाव नको.

पहिला प्रश्न गुप्ततेचा. नांदेड जवळ आहे, तिथेही चांगले सर्जन आहेत, पण नांदेडला मावशीच्या मुलीचं सासर. छत्रपती संभाजीनगरला मोठ्या मामांचं घर. थोडक्यात, मराठवाड्यात जिथे जिथे प्लास्टिक सर्जन आहे तिथे तिथे आमचा एक नातेवाईक दबा धरून बसलेला आहे. म्हणून पुणे. तिथे फक्त मी. व्हॉट्सअॅपवर बोलायला आम्ही कोडवर्ड ठरवला: "हळदीचा भाव". हिंगोली-वसमतकडच्या घरात हळदीचा भाव हा विषय रात्री अकराला निघाला तरी कोणाला संशय येत नाही. "भाव कळला का?" म्हणजे अपॉइंटमेंट मिळाली का. "माल नेऊन दाखवावा लागेल" म्हणजे फोटोवर सांगत नाहीत, प्रत्यक्ष यावं लागेल. माझ्या लॅपटॉपवरच्या एक्सेल शीटचं नावसुद्धा "हळद_फायनल_२" आहे.

गुप्तता कशासाठी, हे हिंगोलीच्या आणि हिंगोलीसारख्या गावातल्या वाचकांना सांगायला नको. नवरा गेलेल्या बाईने चांगली साडी नेसली तरी चार भुवया वर जातात. तिने चेहऱ्याचं ऑपरेशन केलं तर कोणासाठी केलं, हा पुढचा प्रश्न. मावशीला असं अजून कोणी बोललेलं नाही, पण आम्हा दोघांनाही ती वाक्यं आवाजासकट आधीच ऐकू येत होती. कोणती आत्या काय म्हणेल हेसुद्धा.

दुसरा प्रश्न डॉक्टर. पाटीवर 'कॉस्मेटिक' किंवा 'एस्थेटिक' लिहिलंय म्हणजे आत प्लास्टिक सर्जन बसलाय असं मुळीच नाही, हे मला नव्यानेच कळलं. पाहायची ती डिग्री: एमबीबीएसनंतर सर्जरीतलं एमएस आणि त्यावर प्लास्टिक सर्जरीतलं एमसीएच, किंवा त्याच विषयातलं डीएनबी. महाराष्ट्र मेडिकल कौन्सिलकडे नोंदणी आहे का, हे तपासायचं. मग विचारायचं की तुम्ही स्वतः फेसलिफ्ट किती केलेत, कारण प्लास्टिक सर्जन म्हटला की तो भाजलेले हातही करतो, फाटलेले ओठही करतो, आणि आपल्याकडे फेसलिफ्टची गर्दी नाकाएवढी किंवा पोटाच्या चरबीएवढी नसते. भूल कोण देणार, ऑपरेशन कुठे होणार, तिथे रात्री काही झालं तर कोण असेल. मी तीन ठिकाणी फोन केले. एका ठिकाणी फोन उचलणाऱ्या मुलीने मावशीला न बघताच "या महिन्यात बुक केलंत तर डिस्काउंट आहे सर" असं सांगितलं. ते नाव शीटमधून उडवलं. चेहरा म्हणजे काय ट्रॅव्हल्सचं सीट आहे का?

शेवटी एका डॉक्टरबाईंची वेळ मिळाली, तीन आठवड्यांनंतरची. त्यांच्याकडून एक चार पानी फॉर्म आला. खरी तयारी इथून सुरू झाली.

पण त्याआधी थोडं विषयांतर, कारण वीकेंडला वाचायला बसलो आणि वाहवत गेलो.

पुण्याला प्लास्टिक सर्जरीसाठी येणारी मावशी पहिली नाही. १७९२ च्या टिपूबरोबरच्या लढाईत इंग्रजी फौजेबरोबर कावसजी नावाचा एक मराठी मुलखातला बैलगाडीवान होता. तो टिपूच्या लोकांच्या हाती सापडला आणि त्यांनी त्याचं नाक आणि एक हात कापला. वर्षभर तो बिननाकाचा राहिला. मग पुण्याजवळच्या एका विटा करणाऱ्या जातीतल्या माणसाने त्याला नवं नाक बसवून दिलं. मेणाचा नाकाएवढा तुकडा करायचा, तो कपाळावर सपाट पसरून त्याभोवती रेघ मारायची, तेवढी कातडी सोलायची पण दोन डोळ्यांच्या मधे एका चिंचोळ्या पट्टीने जोडलेली ठेवायची, आणि पीळ देऊन नाकाच्या जागी बसवायची. चिकटवायला काय, तर कात! आपला पानातला. पाण्यात कालवून कापडाच्या पट्ट्यांवर लावलेला. चार दिवसांनी त्या काढून तुपात भिजवलेली फडकी. सुमारे पंचविसाव्या दिवशी ती जोडपट्टी कापायची. हे मुंबई इलाख्यातल्या दोन इंग्रज डॉक्टरांनी डोळ्यांनी पाहिलं, आणि ऑक्टोबर १७९४ मध्ये लंडनच्या 'जंटलमन्स मॅगझिन'मध्ये चित्रासकट छापून आलं. ते वाचून जोसेफ कार्प्यू नावाच्या सर्जनने १८१४ साली लंडनमध्ये तसंच ऑपरेशन केलं आणि तिथून ती विद्या युरोपभर गेली. सुश्रुताचं नाव सगळे घेतात. या विटा करणाऱ्याचं नाव मात्र त्या मासिकानेही छापलं नाही. कावसजीचं चित्र काढलं, नाव छापलं, दोन्ही साहेबांची नावं छापली. असो.

ही जोडपट्टी लक्षात ठेवा, पुढे लागणार आहे.

फेसलिफ्ट त्या मानाने अगदी अलीकडचं. १९०१ साली बर्लिनमध्ये ऑयगेन होलेंडर नावाच्या सर्जनने एका पोलिश उमराव घराण्यातल्या बाईची कानाजवळची थोडी कातडी काढून गाल वर घेतले. आपण त्या बाईच्या आग्रहाला बळी पडलो, अशा अर्थाचं त्याने पुढे लिहून ठेवलं. (म्हणजे पहिल्या केसपासूनच डॉक्टरला थोडी लाज!) नंतर कित्येक वर्षं सर्जन नुसती वरची कातडी ओढून जास्तीची कापत. त्याने चेहरा वादळात उभा असल्यासारखा ताणलेला दिसायचा आणि काही दिवसांनी पुन्हा सैल पडायचा, कारण कातडी ताणली की ढिली होतेच. १९७६ मध्ये मित्झ आणि पेरोनी या दोन फ्रेंच डॉक्टरांनी कातडीखालचा, चेहऱ्याच्या स्नायूंशी जोडलेला पडदा नीट वर्णन करून मांडला. आता ओढ त्या पडद्याला देतात आणि कातडी वरून नुसती पसरतात. गादीची खोळ ओढून उपयोग नाही, आतला कापूस सरकवायला हवा, असं मी मावशीला समजावलं.

आणि एक गोष्ट, जी वाचून माझ्या डोक्यातलं ते कोरेगाव पार्क पुसलं गेलं. कुष्ठरोगाच्या एका प्रकारात चेहऱ्याची कातडी आधी सुजून जाड होते आणि रोग बरा झाला की सुरकुतून लोंबते. पंचविशीतला माणूस साठीचा दिसतो, कानाच्या पाळ्या लोंबतात, भुवया जातात. अंगात जंतू उरलेला नाही, कागदावर माणूस बरा, पण गाव घेत नाही, कारण चेहरा अजून रोगाचं नाव सांगतो. डॉ. नोशीर अंतिया यांनी पुण्याजवळ कोंढव्याच्या कुष्ठरोग रुग्णालयात अशा रुग्णांच्या नाकांवर, चेहऱ्यांवर ऑपरेशनं केली. पुढे मुंबईच्या जे.जे.मध्ये त्यांनी प्लास्टिक सर्जरीचा विभाग उभा केला. कुष्ठरोगाने सुरकुतलेल्या चेहऱ्यांवर सर्जन लोक जे करतात त्यात फेसलिफ्टही येतं. कापायची जागा तीच, कानापुढून खाली आणि कानामागे. तेव्हा त्याला पुनर्वसन म्हणतात, आणि मावशीने केलं की नखरे! मी काही मावशीची तुलना कुष्ठरुग्णांशी करत नाही, तिला कोणी गावाबाहेर काढलेलं नाही. पण "माझ्या आधी तेच बोलतं" हे तिचं वाक्य मला तिथे पुन्हा ऐकू आलं.

तर, फॉर्म. रोज रात्री साडेनऊला मी फोनवरून प्रश्न वाचायचो आणि मावशी उत्तरं द्यायची. गेल्या दोन वर्षांत वजन वर-खाली झालंय का? (नाही. हे महत्त्वाचं, कारण वजन हलत असेल तर आज ओढलेलं उद्या पुन्हा सैल.) बीपी? आहे, एक गोळी सकाळी. हेही महत्त्वाचं. फेसलिफ्टनंतरची सगळ्यात जास्त आढळणारी गडबड म्हणजे कातडीखाली रक्त साकळणं, बहुतेक वेळा पहिल्या चोवीस तासांत, आणि बीपी चढलं की त्याची शक्यता वाढते. साखर? नाही. रक्त पातळ करायच्या गोळ्या, अॅस्पिरिन, दुखलं की घेतात त्या गोळ्या, आयुर्वेदिक चूर्णं, ई जीवनसत्त्व, सगळं लिहा असं होतं. इथे एक गंमत झाली. मावशी सांधे दुखतात म्हणून हळदीच्या अर्काच्या कॅप्सूल घेते. वसमतच्या हळदीला भौगोलिक मानांकन, घरच्या रानात हळद, डब्यात हळद, आणि ही बाई बाटलीतली हळद विकत घेते! पण लिहून दिलं ते बरं झालं. रक्त गोठण्यावर परिणाम होऊ शकतो म्हणून सर्जन असल्या अर्काच्या गोळ्याही ऑपरेशनआधी बंद ठेवायला सांगतात. वरणातली हळद चालते, काळजी नसावी.

पूर्वी कान टोचताना किंवा कुठे जखम झाल्यावर गाठ आली होती का? आपल्या गव्हाळ-सावळ्या कातडीत काही जणांचे व्रण फुगून गाठीसारखे होतात, त्यामुळे हा प्रश्न. मावशीने आरशासमोर जाऊन दोन्ही पाळ्या चाचपून सांगितलं, नाही. केस कसे बांधता? मला वाटलं, हा काय प्रश्न झाला. पण व्रण कानाभोवती आणि कानामागे केसांत लपवतात, आणि मावशीचा अंबाडा म्हणजे सगळं उघडं. "मग वेणी घालीन," ती म्हणाली.

पुढचा प्रश्न तंबाखू. मी वाचला, तिने "नाही" म्हटलं, मी "नाही" टाइप केलं आणि पुढे गेलो.

दोन दिवसांनी रात्री अकराला फोन. आवाज बारीक. "ते तंबाखूच्या रकान्यात काय लिहिलंस?"

"नाही लिहिलं."

"दात घासायची मिश्री तंबाखूत धरतात का?"

मी उठून बसलो. पश्चिम महाराष्ट्रात जिला मशेरी म्हणतात तीच. तंबाखू तव्यावर काळी होईस्तोवर भाजायची, चुरायची आणि बोटाने दातांना लावायची. डी.एड.ला असताना हॉस्टेलवर एका मैत्रिणीमुळे दात दुखतो म्हणून सुरू झालं, ते आजतागायत. सकाळी उठल्यावर, शाळेतून आल्यावर आणि रात्री. म्हणजे तीस-बत्तीस वर्षं. काकांना माहीत होतं, मुलीला अर्धवट माहीत होतं, मला अजिबात नाही. आणि हीच मावशी दरवर्षी पोरांना रांगेत उभं करून तंबाखू न खाण्याची शपथ देते. शाळेच्या फाटकाला 'तंबाखूमुक्त शाळा' अशी पाटी आहे, ती रंगवून घेण्याची जबाबदारीसुद्धा तिचीच होती.

"लिहू नकोस ना," ती म्हणाली. "डॉक्टर काय म्हणतील? शिक्षिका आहे मी."

इथे मी ठाम राहिलो, कारण तोवर वाचून झालं होतं. चेहऱ्याची कातडी उचलतात तेव्हा खालून येणाऱ्या बारीक रक्तवाहिन्या तुटतात. मग त्या सगळ्या कातडीला रक्त मिळतं ते फक्त जिथे ती अजून जोडलेली आहे त्या बाजूने. कावसजीच्या नाकाची ती जोडपट्टी आठवते? तेच तत्त्व. आणि सगळ्यात लांबचं टोक येतं कानामागे. निकोटिनने रक्तवाहिन्या आक्रसतात. टोकापर्यंत रक्त पोचलं नाही तर तिथली कातडी काळी पडून मरते. न्यूयॉर्कच्या थॉमस रीस यांनी १९८४ मध्ये आपल्या रुग्णांची आकडेवारी मांडली होती, त्यात सिगारेट ओढणाऱ्यांमध्ये अशी कातडी मरण्याचा धोका बारापटीहून जास्त निघाला. ते सिगारेटचं होतं, पण निकोटिन तोंडातून गेलं काय आणि धुरातून गेलं काय.

हे सगळं मी आकड्यांसकट सांगितलं आणि पलीकडे शांतता. मग मी म्हटलं, "मावशी, सिद्धेश्वर धरणाचा कालवा आठव. धरणात पाणी आहे, पण वरच्यांनी दारं अर्धी बंद केली. टेलच्या शेतात काय होतं?"

"वाळतं," ती म्हणाली. काकांचं रान टेललाच आहे. थोड्या वेळाने म्हणाली, "लिही. रोज तीन वेळा, असं लिही. कमी लिहू नकोस."

माझ्या मते या सगळ्या प्रकरणातलं अवघड काम तिने त्या रात्रीच केलं. डॉक्टर, भूल, टाके, ते सगळं नंतरचं.

फॉर्मसोबत जुने फोटोही मागितले होते. तिशीतले, चाळिशीतले, शक्यतो समोरून आणि बाजूने. तरुणपणी चेहऱ्याची ठेवण कशी होती ते सर्जनला त्यावरून कळतं, म्हणजे दुसऱ्या कोणाचा तरी चेहरा चिकटवल्यासारखं होत नाही. मावशीने अल्बममधले फोटो मोबाइलवर काढून पाठवले. लग्नातला, मुंडावळ्या बांधलेला. बारशाचा. हिंगोलीच्या दसऱ्याच्या प्रदर्शनात आकाशपाळण्यासमोर काकांबरोबर काढलेला, त्यात ती बाजूला बघून कोणावर तरी ओरडतेय, बहुतेक माझ्यावरच. एक फोटो तिने पाठवला आणि डिलीट केला, मग पुन्हा पाठवला. २०१९ चा, शाळेच्या स्नेहसंमेलनातला. "हा दाखव," खाली लिहिलं होतं. "मला पंचविशीतली नाही व्हायचं. एवढंच परत पाहिजे."

खर्चाचं थोडक्यात. सौंदर्यासाठीच्या शस्त्रक्रियेला आरोग्यविमा पैसे देत नाही, तेव्हा सगळं खिशातून. मी अर्धे देतो म्हटलं तर तिने मला असं झापलं की तो विषय तिथेच संपला. पगार तिचा, हळद तिची.

ठरलेल्या शुक्रवारी रात्री ती ट्रॅव्हल्सने निघाली आणि शनिवारी सकाळी माझ्या फ्लॅटवर आली. हातात पिशवी, पिशवीत धपाटे, लोणचं आणि पाठपोट लिहिलेली वही. वहीत तिचे प्रश्न. माझ्या एक्सेलमध्ये चाळीस प्रश्न होते, तिच्या वहीत आठ, आणि तिचे चांगले होते. "पोरांवर ओरडता येईल का आणि कधीपासून", हे माझ्या डोक्यात आलंच नसतं. "हेल्मेट कधीपासून घालता येईल", हेही.

डॉक्टरबाई पन्नाशीच्या, शांत. त्यांनी मावशीच्या हातात आरसा दिला आणि म्हणाल्या, काय खटकतं ते बोटाने दाखवा. मावशीने जबडा दाखवला, गळा दाखवला, तोंडाचे कोपरे दाखवले. मग त्यांनी तिला हसायला लावलं, डोळे घट्ट मिटायला, भुवया उचलायला, गाल फुगवायला सांगितलं. चेहरा हलवणारी नस दोन्ही बाजूंना आधीपासून सारखी चालते का, ते नोंदवून ठेवतात, कारण तिला धक्का लागण्याचा धोका थोडा का होईना असतोच. कानाच्या आसपास बधिरपणा येतो आणि तो काही महिने राहू शकतो, हेही सांगितलं. जबडा आणि गळा सुधारेल. उन्हाने आलेलं वांग आणि डोळ्यांखालच्या बारीक रेषा याने जाणार नाहीत. वय थांबणार नाही, आजपासून पुढे पुन्हा सुरूच. मला हे सगळं फार आवडलं. आमच्या क्षेत्रात क्लायंटला काय होणार नाही ते पहिल्याच मीटिंगमध्ये सांगणारा माणूस मी अजून पाहिलेला नाही.

मग त्यांनी माझ्याकडे पाहिलं. "तुम्ही जरा बाहेर थांबा."

मी बाहेर. वीस मिनिटं. समोर मत्स्यालय, त्यात तीन मासे. आत काय बोलणं झालं ते मला माहीत नाही आणि मी विचारलेलं नाही. मावशी बाहेर आली तेव्हा डोळे पुसलेले होते आणि ती रिसेप्शनवरच्या मुलीला "तुझं आडनाव काय गं, तू कुठली?" असं विचारत होती, म्हणजे ठीक होती.

निकाल असा: ऑपरेशन करता येईल, पण मिश्री पूर्ण बंद. किमान चार आठवडे आधी आणि चार आठवडे नंतर, आणि निकोटिनचं च्युइंगगमसुद्धा चालणार नाही. आधी लघवीची तपासणी करणार, त्यात सापडलं तर तारीख रद्द. बीपीचं महिनाभर रोज टिपण. आणि दिवाळीच्या सुट्टीत करायचं असेल तर आत्ताच ठरवा, कारण टाके आठवड्याभरात निघतात पण सूज आणि काळंनिळं उतरायला दोन आठवडे धरा. शाळा उघडायच्या आत ते उतरलं पाहिजे.

आज मिश्री बंद करून एकोणीस दिवस झाले. पहिला आठवडा वाईट गेला, डोकं दुखायचं, चिडचिड. आठव्या दिवशी तिने केंद्रप्रमुखांना फोनवर काहीतरी सुनावलं, ते ती सांगत नाही. मिश्रीच्या जागी आता बडीशेप. तव्यावर भाजलेली, कारण बोटांना भाजण्या-चुरण्याची सवय आहे म्हणे. रोज रात्री साडेनऊला बीपीचे आकडे येतात, आणि खाली "भाव स्थिर".

ऑपरेशन ठरलंय असं अजून म्हणता येणार नाही. मावशी अधूनमधून म्हणते, मिश्री सुटली हेच काय कमी झालं, राहू दे ते. दुसऱ्या दिवशी म्हणते, डॉक्टरांना फोन कर आणि हेल्मेटचं पुन्हा एकदा विचार. अजून तीन आठवडे आहेत, ती ठरवेल.

आईला मात्र अजून काहीच माहीत नाही. ते सांगायचं काम मावशीने माझ्यावर टाकलंय. आई हा ब्लॉग वाचत नाही, पण तुमच्यातलं कोणी हिंगोलीचं असेल आणि तुमची आई माझ्या आईच्या भिशीत असेल, तर कृपया मला रविवार संध्याकाळपर्यंत वेळ द्या.